जुन्या मोटरहोमचं सस्पेन्शन बदलताना थ्रेडलॉकर: कुठे, कधी, किती

जुन्या मोटरहोमखाली पाठीवर झोपून बॅटरी मारली की आधीच्या माणसाने काय उद्योग केलेत ते लगेच दिसतं. थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत घालायचा आणि तिथे घट्ट होऊन बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव, भलत्याच जागी लावलेला: अ‍ॅक्सलला पाट्याशी बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटांभोवती लाल थर, बॉल जॉइंटच्या निमुळत्या दांड्यावर निळे डाग, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटांवरही निळंच काहीतरी. आणि चासीला वेल्ड केलेल्या नटांमध्ये बसणारे जे दोन बोल्ट खरंच धरून ठेवायला हवे होते, ते मात्र कोरडे ठणठणीत.

बाटली चुकीची घेतली जाते, हे खरंच. पण त्याहून जास्त काम बिघडतं ते क्रमामुळे. गाडी वर उचललेली असताना बोल्टला द्रव लावतात, हाताने घट्ट करतात, चाकं चढवतात, चहा पितात, तासाभराने गाडी खाली उतरवून शेवटचा टॉर्क देतात, म्हणजे ठरलेल्या जोराने कसतात. तोवर आट्यांमधला द्रव धरलेला, म्हणजे घट्ट झालेला असतो. शेवटच्या त्या फिरवण्यात तो तुटतो आणि बोल्टमध्ये उरते नुसती भुकटी. वरून सगळं व्यवस्थित दिसतं. हा लेख मुख्यतः तो क्रम सरळ करण्यासाठी आहे.

## टप्पा १: बाटली उघडायच्या आधी यादी करा

कागदावर प्रत्येक बोल्ट लिहा आणि समोर तीनपैकी एक शब्द: ‘कोरडा’, ‘द्रव’ किंवा ‘ग्रीस’. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी ठेवा. त्यात थ्रेडलॉकर सांगितला असेल तिथे लावायचा, नाही म्हटलं असेल तिथे नाही. मॅन्युअल गप्प असेल तर खालचा हिशोब चालतो.

थ्रेडलॉकर लावू नये अशा जागा:

- यू-बोल्टचे नट. पाटे (लीफ स्प्रिंग), पॅड आणि अ‍ॅक्सल एकमेकांवर बसत जातात, त्यामुळे हे नट काही अंतर चालवल्यावर पुन्हा कसावेच लागतात. धरलेला द्रव त्या कसण्यात तुटतो. शिवाय पान्यावर दिसणारा टॉर्क चिकटपणाचा की खऱ्या ताणाचा, हेही कळत नाही. यू-बोल्ट एकदा काढला की नवाच घालावा.
- निमुळते दांडे. बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या टोकाचा निमुळता भाग धातूला धातू घासून धरतो. तिथे द्रव नको, ग्रीसही नको. स्वच्छ आणि कोरडा.
- कॅसल नट आणि स्प्लिट पिन. पिन हेच तिथलं कुलूप आहे. भोक जुळलं नाही तर नट पुढे, म्हणजे घट्ट बाजूला फिरवून जुळवायचा. मागे सोडून कधीच नाही.
- नायलॉक आणि चेपलेले लॉकनट. त्यांची पकड त्यांच्या रचनेतच असते. नवा नट घाला, काम संपलं.
- चाकाचे नट. इथे चर्चा नको.
- टाय रॉडचे लॉकनट आणि अलाइनमेंटसाठी फिरवावे लागणारे बाकीचे भाग. अलाइनमेंट करणारा माणूस तुम्हाला शिव्या देईल, आणि बरोबर देईल.
- ग्रीस निपल असलेल्या शॅकल पिना (शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा). त्या फिरण्यासाठीच असतात.

लावण्यासारख्या जागा त्यामानाने थोड्याच. चासीला वेल्ड केलेल्या नटात जाणारे बोल्ट, कारण तिथे नायलॉक घालताच येत नाही. हब कॅरियरमध्ये किंवा ब्रॅकेटमध्ये पाडलेल्या आट्यांत बसणारे बोल्ट. अँटी-रोल बारच्या ब्रॅकेटचे बोल्ट. वाटेत काढावे लागलेले ब्रेक कॅलिपर कॅरियरचे बोल्ट, अर्थात निर्मात्याने सांगितलं असेल तर. नव्या बोल्टच्या आट्यांवर आधीच वाळलेला रंगीत पट्टा असेल तर तो कारखान्यात लावलेला थ्रेडलॉकर असतो. त्यावर बाटलीतला द्रव घालू नका, आणि तो बोल्ट एकदा काढला की पुन्हा वापरू नका.

सावधान: चिरलेलं स्प्रिंग हँगर, लांबट झालेलं बोल्टचं भोक, झिजलेले आटे यांवर इपॉक्सी, थ्रेडलॉकर किंवा धातूची लांबी हा इलाज नव्हे. तो भाग बदलायचा किंवा चासीचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडे न्यायचा.

## टप्पा २: रंगावर नको, क्रमांकावर विसंबा

‘निळा म्हणजे सुटणारा, लाल म्हणजे कायमचा’ हे सगळ्यांना पाठ असतं आणि अर्धवट खरं असतं. रंगाचा सर्व कंपन्यांना लागू असा नियम नाही. एकट्या लॉकटाइट या ब्रँडमध्येच बघा: २२२ जांभळा आणि कमी ताकदीचा, २४३ निळा आणि मध्यम, २७१ लाल आणि जास्त ताकदीचा, पण २७० मात्र हिरवा असून जास्त ताकदीचा. २९० हाही हिरवाच, पण तो आधी घट्ट केलेल्या बोल्टच्या आट्यांत झिरपण्यासाठी पातळ केलेला. ६३८ सुद्धा हिरवा, आणि तो आट्यांसाठी नाहीच; दंडगोल भाग भोकात धरण्यासाठीचा तो रिटेनिंग कंपाउंड आहे. ‘हिरवी बाटली दे’ म्हटल्यावर हातात काय येईल ते नशिबावर.

सस्पेन्शनच्या बोल्टांना बहुतेक वेळा मध्यम ताकदीचा आणि थोडासा तेलकटपणा सहन करणारा, २४३ सारखा प्रकार पुरतो. जास्त ताकदीचा फक्त मॅन्युअलने नाव घेऊन सांगितला असेल तिथे. तो सोडवायला जोडाला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता द्यावी लागते, आणि मोटरहोमच्या पोटाखाली रबरी बुश (सांध्यांत बसणाऱ्या रबरी गाद्या), ब्रेकचे होज, गॅसच्या नळ्या आणि वर लाकूड-फोमचा मजला असतो. मी स्वतः एकदा ‘सुटायलाच नको’ म्हणून शॅकलच्या बोल्टला लाल लावला होता. पुढच्या वेळी तो बोल्ट ग्राइंडरने कापावा लागला, आणि त्या नादात शॅकलची पट्टीही गेली.

बाटलीवरची तारीख बघा. शिवाय ही बाटली कधीच काठोकाठ भरलेली नसते, यात फसवणूक नाही. हा द्रव हवा तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श मिळाल्यावर धरतो. आत हवा असते म्हणून तो बाटलीत पातळ राहतो. म्हणूनच बाटलीचं टोक बोल्टला टेकवू नका आणि सांडलेला द्रव परत आत ओतू नका. लोखंडाचे कण आत गेले की बाटली खराब व्हायला लागते.

## टप्पा ३: उंची मोजा, मग गाडी उचला

गाडी प्रवासाला निघते तशी भरलेली असताना, सपाट जागेवर, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पाटे थकलेले असले तरीही लिहा. नवे पाटे किंवा स्प्रिंग घातल्यावर उंची वाढणारच असते, पण डावी-उजवीतला फरक जुन्या आकड्यांवरून समजतो. निर्मात्याने दिलेली उंची मिळाली तर तीही शेजारी लिहा. टप्पा ८ मध्ये हे आकडे लागतील.

मग पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅस सिलिंडर बंद करा, उरलेल्या चाकांना ठोकळे लावा. मोटरहोमचं वजन साध्या कारच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त असतं, त्यामुळे घरात पडलेले कारचे स्टँड चालणार नाहीत. स्टँडवर कोरलेली क्षमता आणि त्या अ‍ॅक्सलवरचं वजन ताडून बघा. तळावर गाडी समतल करण्यासाठी जे पाय असतात, त्यांच्या भरवशावर खाली शिरू नका.

तपासा: गाडी स्टँडवर ठेवल्यावर, खाली जाण्याआधी, बाजूने जोरात हलवून बघा. हवेचं सस्पेन्शन असेल तर हवा पूर्ण सोडलेली हवी.

## टप्पा ४: जुने बोल्ट सोडवणं

आदल्या दिवशी वायर ब्रशने बाहेर आलेले आटे घासा आणि गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बहुतेक बोल्ट नटाला धरलेले नसतात, ते बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून बसलेले असतात. नट सुटतो, बोल्ट गोल फिरतो, पण बाहेर येत नाही, ही त्याची खूण. बुश नाहीतरी जाणारच असेल तर दोन्ही बाजूंनी बोल्ट कापणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

जुना थ्रेडलॉकर असेल तर पाना एकसारखा जड फिरतो आणि आट्यांतून पांढरी किंवा रंगीत भुकटी पडते. गंज असेल तर कुरकुर आणि झटके. मध्यम ताकदीचा द्रव लांब दांड्याच्या पान्याने तुटतो. जास्त ताकदीचा असेल तर उष्णता, तीही ज्योतीपेक्षा इंडक्शन हीटरने.

सावधान: लीफ स्प्रिंग, कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार यांना ज्योत लावायची नाही. त्यांचं पाणी उतरतं आणि ते नंतर, रस्त्यावर, तुटतात. तापवलेला बोल्टही परत वापरायचा नाही. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेजवळ ज्योत नेऊ नका. त्यातून फॉसजिन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो.

## टप्पा ५: आटे साफ करणं

या टप्प्यात घाई झाली तर पुढचं सगळं वाया, आणि कंटाळवाणाही हाच असतो.

नवा बोल्टसुद्धा स्वच्छ नसतो. त्यावर गंजरोधक तेलाचा पातळ हात असतो. ब्रेक क्लीनर किंवा अ‍ॅसिटोनने धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा, दुसरं फडकं घेऊन पुन्हा पुसा. दुसरं फडकं काळं झालं तर तिसऱ्यांदा. मग पाचेक मिनिटं वाळू द्या. ओलं सॉल्व्हंट आट्यांत राहिलं तर द्रव पातळ होतो.

वेल्ड केलेल्या नटांचं काम जास्त कठीण. जुनी भुकटी, गंज आणि चासीला मारलेलं मेण तिथेच साचलेलं असतं. आटे साफ करायला चेझर, म्हणजे धातू न कापता आटे साफ करणारं हत्यार, वापरा. आटे पाडायचा टॅप घातला तर तो धातू खरवडतो आणि जोड सैल होतो. चेझर नसेल तर जुन्या बोल्टच्या आट्यांना लांबीच्या दिशेने ग्राइंडरने दोन-तीन खाचा पाडा आणि तोच हळूहळू आत-बाहेर फिरवा. घाण त्या खाचांत जमते. नंतर क्लीनरचा फवारा, हवेचा झोत, आणि पुन्हा फवारा. चष्मा घाला, कारण हे सगळं थेट डोळ्यांवरच पडतं.

१०.९ किंवा त्याहून वरच्या प्रतीचे (ही ताकदीची प्रत बोल्टच्या डोक्यावर कोरलेली असते) बोल्ट गंज काढायला आम्लात बुडवू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होऊ शकतो. इतका गंजलेला बोल्ट बदलाच.

जस्ताचा मुलामा असलेल्या किंवा स्टेनलेस बोल्टांवर द्रव हळू धरतो, थंडीतही तसंच. तिथे त्याच कंपनीचा अ‍ॅक्टिव्हेटर वापरता येतो. फक्त लक्षात ठेवा, त्यामुळे कसायला मिळणारा वेळ कमी होतो.

तपासा: साफ केलेला बोल्ट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. अडकत असेल तर द्रव लावल्यावर ते अडकणं झाकलं जाईल आणि टॉर्कचा आकडा खोटा येईल.

## टप्पा ६: बुश बसवणं

रबरी बुशला बाहेरून लोखंडी कवच असेल तर तो पाट्याच्या डोळ्यात किंवा आर्ममध्ये दाबून बसतो आणि त्या घट्टपणानेच धरतो. हाताने ढकलून आत जात असेल तर डोळा झिजलेला आहे. इथे लोक रिटेनिंग कंपाउंड आठवतात. ६३८ सारखा द्रव पाव मिलिमीटरपर्यंतची फट भरू शकतो, हे खरं. पण ती फट सगळीकडून सारखी असेल तरच. व्हर्नियरने डोळा उभा आणि आडवा मोजा. दोन मापांत फरक आला म्हणजे तो अंडाकार झालाय, आणि रोजचा धक्का एकाच बाजूला बसणार. तिथे पाटा किंवा आर्म बदलायचा. दाबून बसणाऱ्या बुशला आधार म्हणून निर्मात्याने हा द्रव सांगितला असेल तर लावा. ढिल्या बुशला वाचवण्यासाठी मी लावत नाही.

कवच नसलेला नुसता रबरी बुश आत जात नसेल तर साबणाचं पाणी किंवा रबरासाठीचं वंगण वापरा. खनिज तेलाचं साधं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करतं. पॉलियुरेथेन बुशला त्याच्याबरोबर आलेलं सिलिकॉन ग्रीस. दोन्ही ठिकाणी बोटांना लागलेलं वंगण पुढच्या बोल्टवर जातं, म्हणून हातमोजे बदला. ही बारीक गोष्ट वाटते, पण न धरलेले निम्मे जोड मला अशाच सिलिकॉनच्या बोटांमुळे झालेले दिसलेत.

## टप्पा ७: आधी सगळं कोरडं जोडा

सगळे भाग, सगळे बोल्ट, एक थेंबही न लावता जोडा. नट हाताने आणि वर थोडा पाना, एवढंच. भोकं जुळतात का, वॉशर योग्य बाजूला आहेत का, बोल्टचं डोकं कुठे घासत नाही ना, ब्रेकचा होज आणि सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, हे आत्ताच बघायचं. द्रव लावल्यावर ‘अरे, हा ब्रॅकेट उलटा बसला’ असं कळणं महागात पडतं.

बुशमधून आरपार जाणारे बोल्ट नीट घाला, त्यांचा क्रम असा: कोरडा बोल्ट नळीतून ढकला, आटे पलीकडे बाहेर आले की थांबा. आता डोक्याजवळचा जो गुळगुळीत भाग अजून बाहेर आहे, फक्त त्याला अँटी-सीझचा (गंजून अडकू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात द्या आणि बोल्ट पूर्ण आत सरकवा. पलीकडच्या आट्यांवर काही आलं असेल तर क्लीनरच्या फडक्याने पुसा. दांडा नळीत गंजणार नाही आणि आटे कोरडे राहतील. बाहेरच अख्ख्या बोल्टला अँटी-सीझ फासलं तर थ्रेडलॉकर धरत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच टॉर्कला बोल्ट ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. आपण पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्टच्या ताणात जातो, बाकीचा घर्षणात. घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो.

थ्रेडलॉकर लावून मग बोल्ट नळीतून घालणं ही याच जागेवरची दुसरी चूक. द्रव नळीत पुसला जातो, आटे रिकामे राहतात, आणि बोल्ट नळीलाच चिकटतो.

## टप्पा ८: गाडी चालत्या उंचीवर आणा

रबरी बुशची आतली नळी बोल्ट घट्ट केल्यावर जागेवर जखडते आणि पुढे सगळी हालचाल रबराच्या पिळात होते. चाक खाली लोंबकळत असताना जखडलं, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, आणि उंचीचाही घोळ होतो. म्हणून शेवटचा टॉर्क चालत्या उंचीवर, म्हणजे गाडीचं वजन चाकांवर असताना सस्पेन्शन जिथे असतं त्या स्थितीत.

सरळ अ‍ॅक्सल असेल तर स्टँड अ‍ॅक्सलखाली, पाट्याच्या बैठकीजवळ घेऊन गाडीचं वजन पाट्यांवर येऊ द्या, किंवा चाकं चढवून गाडी रॅम्पवर घ्या. चासीखालचे स्टँड थोडे खाली करून तसेच ठेवा, म्हणजे काही सुटलंच तर गाडी तुमच्यावर येणार नाही. पुढच्या स्वतंत्र आर्मना, मॅन्युअल परवानगी देत असेल त्या जागी जॅक लावून, टप्पा ३ मधल्या आकड्यापर्यंत उचला. नव्या स्प्रिंगमुळे अपेक्षित उंची बदलणार असेल तर निर्मात्याचा आकडा धरा. वजनावर आल्यावर गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे भाग आपापल्या जागी बसतात.

## टप्पा ९: एक बोल्ट, एक थेंब, लगेच टॉर्क

आता बाटली उघडायची. नायट्राइल हातमोजे घाला, हा द्रव कातडीला बाधतो. टॉर्क पाना आधीच योग्य आकड्यावर लावून हाताशी ठेवा. पोलादावर, साधारण खोलीच्या तापमानाला, मध्यम ताकदीचा द्रव दहा ते वीस मिनिटांत धरायला लागतो. त्यामुळे एका वेळी एकच बोल्ट.

आरपार बोल्ट, पलीकडे नट. फक्त नट काढा, बोल्ट जागेवरच राहू द्या. वजन पाट्यावर आहे, बोल्ट बाहेर काढला तर पाटा निसटेल. नट जिथे बसणार तेवढ्याच आट्यांवर द्रव लावा, टोकाला नाही. एम १२ ते एम १६ च्या बोल्टला दोन-तीन थेंब पुरतात. आट्यांच्या खाचा भरल्या पाहिजेत, गळायला नको. नट चढवा, बोल्टचं डोकं पान्याने धरा आणि नट एका दमात टॉर्कपर्यंत फिरवा. इथे नायलॉक असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा, नवा नट कोरडा कसा.

वेल्ड केलेला नट, ब्रॅकेटला दोन किंवा अधिक बोल्ट. एकेक बोल्ट काढून, लावून, कसून मग दुसरा. सगळे एकदम काढायचे नाहीत.

वेल्ड केलेला नट, आर्मला एकच बोल्ट. वजनाखाली तो काढायचा नाही. चासी भक्कम स्टँडवर, आर्म जॅकने चालत्या उंचीवर, आणि त्या स्थितीत कोरडा बोल्ट बदलून ओला घाला. बोल्ट हाताने सहज निघत नसेल तर अजून भार आहे. जॅक किंचित वर-खाली करून तो निघेल अशी जागा शोधा.

बंद भोक. पलीकडून उघडं नसलेल्या भोकात द्रव बोल्टला लावून उपयोग नाही. आत अडकलेली हवा बोल्टबरोबर दाबली जाते आणि द्रवाला बाहेर ढकलते. थेंब भोकाच्या तळाशी, आतल्या आट्यांवरून सोडा. जास्तही नको, भोक द्रवाने भरलं तर बोल्ट त्या द्रवावरच टेकतो आणि टॉर्क पूर्ण झाल्याचा भास होतो.

ओला द्रव वंगणासारखं काम करतो. मॅन्युअलमधला आकडा थ्रेडलॉकरसह दिलेला असेल तर तोच. कोरड्या आट्यांसाठी असेल तर ‘थोडा कमी करू’ असा अंदाज नको. द्रवाच्या माहितीपत्रकात घर्षणाचा गुणांक असतो, त्यावरून ठरवा.

एकदा टॉर्क दिला की पुन्हा ‘सहज बघू’ म्हणून पाना लावू नका. खात्री हवी असेल तर नट, वॉशर आणि ब्रॅकेट यांवरून रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढा. टॉर्क दिलाय की नाही हेच आठवत नसेल तर नट काढा, आटे साफ करा आणि पहिल्यापासून करा. मला हे दोनदा करावं लागलंय, तेव्हापासून रेघ ओढल्याशिवाय मी पाना खाली ठेवत नाही.

तपासा: नटाभोवती बाहेर आलेला द्रव ओलाच राहिला तर घाबरू नका. बाहेर हवा आहे, तो तिथे धरणारच नाही. पुसून टाका.

## टप्पा १०: हवेचे फुगे, नळ्या आणि बाकीची चिकटवाचिकटवी

जुन्या मोटरहोमला मागे मदतीला हवेचे फुगे लावलेले असतात. काही जुन्या अमेरिकन चासींमध्ये, उदाहरणार्थ शेवरोले पी ३० मध्ये, ते पुढच्या कॉइल स्प्रिंगच्या आत असतात. त्यांच्या ब्रॅकेटच्या बोल्टांना वरचेच नियम. पण प्लास्टिकच्या जोडण्यांपासून थ्रेडलॉकर लांब ठेवा. बऱ्याच प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात, लगेच नाही, काही दिवसांनी. आटे सीलबंद करण्यासाठी जोडणीच्या निर्मात्याने सांगितलेलंच सील वापरा. आधीच पट्टा लावून आलेल्या जोडण्यांना काहीच लागत नाही. टेफ्लॉन टेप वापरलीच तर पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. हवा भरून साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे बघा.

मजल्यातून जाणाऱ्या नळ्यांची भोकं, चिखलपट्ट्या, सुटलेली खालची आवरणं यांना पॉलियुरेथेन सीलंट ठीक. तो हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत धरत जातो, जाड थराला कित्येक दिवस लागतात. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन चासीवर नको, त्यातलं आम्ल लोखंडाला गंजवतं. आणि यातलं काहीही सस्पेन्शनचा भार घेणाऱ्या भागावर नाही.

## टप्पा ११: वाट बघा, मग फेरतपासणी

पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात, थंडीत त्याहून जास्त. गाडी तेवढा वेळ उभी ठेवा. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चक्कर, ब्रेक, दोन्हीकडे वळण, आणि परत येऊन रेघा बघा.

नंतरच्या तपासणीत दोन गट वेगळे ठेवा. यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा कसा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर. पहिली वेळ लवकर, दुसरी काही शे किलोमीटरनंतर. थ्रेडलॉकर लावलेल्या बोल्टांची मात्र फक्त रेघ बघायची. रेघ तुटली नसेल तर हात लावू नका. तुटली असेल, किंवा नटाच्या कडेने तांबूस गंजाची बारीक भुकटी झिरपताना दिसली, तर जोड हलतोय. तो पान्याने आवळून पुढे जायचं नाही. उघडायचा, भोक आणि बोल्ट मोजायचा, आणि टप्पा ५ पासून पुन्हा.

उंचीही परत मोजा आणि पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. अलाइनमेंट त्यानंतर करून घ्या. आणि जिथे जिथे द्रव लावला त्या बोल्टांची यादी, क्रमांकासकट, गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी खाली झोपणारा कदाचित दुसराच कोणी असेल.